आज्ञावलीची जटिलता : आकडा आणि वाचक

आमच्या विभागात संगणकीय भाषाविज्ञानाचा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या प्रबंधासोबत त्यासाठी रचलेल्या आज्ञावल्याही सादर कराव्या लागतात. त्या परीक्षकाला वाचता याव्यात आणि पुढील वर्षीच्या विद्यार्थ्याला त्यांवर काम करता यावे, एवढीच साधी अपेक्षा असते. ती पुष्कळदा पुरी होत नसे. म्हणून काही वर्षांपूर्वी एक नियम करण्यात आला की, आज्ञावलीतील कोणत्याही एका फंक्शनची सायक्लोमॅटिक संख्या १० हून अधिक असू नये. ह्या नियमाच्या बाजूने ज्यांनी मत दिले त्यांत प्रस्तुत लेखकही होता. त्याचे फळ एका चांगल्या विद्यार्थ्याला कसे भोगावे लागले हे पुढे सांगावयाचे आहेच. परंतु त्याआधी ही संख्या म्हणजे काय, ती कशाची साक्ष देते आणि कशाची देऊ शकत नाही, हे पाहणे अवश्य आहे.

टॉमस मॅकेब यांनी १९७६ च्या डिसेंबरात 'आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' ह्या नियतकालिकात ही संख्या मांडली. त्यांनी आज्ञावलीकडे एक आलेख म्हणून पाहिले. एकामागून एक चालणाऱ्या विधानांचा गट हा एक बिंदू आणि एका गटाकडून दुसऱ्याकडे जाणारी वाट ही एक कड. कडांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करावी व त्यात २ मिळवावे, म्हणजे एका फंक्शनची सायक्लोमॅटिक संख्या मिळते. व्यवहारात हे गणित याहूनही सोपे आहे : फंक्शनमध्ये जितक्या ठिकाणी वाट फुटते तितकी ठिकाणे मोजावीत आणि त्यांत १ मिळवावा. वाट कोठेच फुटत नसेल तर संख्या १. मॅकेब यांनी १० ही मर्यादा सुचविली खरी, पण ती वाजवी आहे, तीत जादू काही नाही, हेही त्यांनीच सांगून ठेवले होते. शिवाय एका निवडीपाठोपाठ पुष्कळ स्वतंत्र पर्याय ओळीने येत असतील तर तेथे ही मर्यादा गैरलागू ठरते, असा अपवादही त्यांनी नमूद केला होता. मर्यादा जगभर पोहोचली. अपवाद मूळ लेखातच राहिला. आम्हीही तो वाचला नव्हता.

ही संख्या कशाची आहे हे एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. ग्रेगोरियन पंचांगातील लीप वर्षाचा नियम सर्वांस ठाऊक आहे : वर्षाला ४ ने भाग जात असेल तर ते लीप वर्ष, पण १०० ने जात असेल तर नव्हे, तथापि ४०० ने जात असेल तर होय. हा नियम एका आज्ञावलीकाराने पुढीलप्रमाणे लिहिला असे समजू. ४ ने भाग जातो काय? जात असल्यास, त्या प्रश्नाच्या पोटात : १०० ने जातो काय? जात असल्यास, त्याच्याही पोटात : ४०० ने जातो काय? प्रत्येक प्रश्नाला त्याचा 'नाहीतर'. दुसऱ्याने तोच नियम ओळीने लिहिला : ४०० ने भाग जात असल्यास 'होय' म्हणून बाहेर पड; १०० ने जात असल्यास 'नाही' म्हणून बाहेर पड; ४ ने जात असल्यास 'होय'; एरवी 'नाही'. दोहोंत प्रश्न तीनच, म्हणून दोहोंची सायक्लोमॅटिक संख्या ४ च. चाचणीच्या दृष्टीने हा ४ चा आकडा अगदी बिनचूक आहे, कारण २०२३, २०२४, १९०० आणि २००० ही चार वर्षे घालून पाहिली की दोन्ही रचनांतील सर्व वाटा चालून होतात. वाचकाच्या दृष्टीने मात्र ह्या दोन रचना सारख्या आहेत असे कोणीही म्हणणार नाही. पहिली वाचताना शेवटचा 'नाहीतर' कोणत्या प्रश्नाचा हे ध्यानात धरून ठेवावे लागते. दुसरीत एकेक ओळ वाचून मागे टाकता येते.

हाच अनुभव भाषेतही येतो. 'जो विद्यार्थी, जे पुस्तक हरवले होते ते ज्या ग्रंथपालाने शोधून दिले त्याच्याकडे गेला होता, तो आज आला' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण पहिल्या वाचनात ते कोणाच्या गळी उतरेल असे वाटत नाही. 'पुस्तक हरवले होते; ते एका ग्रंथपालाने शोधून दिले; त्या ग्रंथपालाकडे एक विद्यार्थी गेला होता; तो आज आला' ह्या रचनेत क्रियापदे तितकीच आणि आशयही तोच, पण वाचकाला कोठे थांबावे लागत नाही. उपवाक्यांची नुसती मोजदाद केली तर दोन्ही वाक्ये सारखीच जटिल ठरतात. फरक पडतो तो एका वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य घातल्यामुळे, म्हणजे अपुरे काम किती वेळ मनात धरून ठेवावे लागते त्यामुळे.

भाषाविज्ञानात ह्या 'धरून ठेवण्या'चे मोजमाप करण्याचा नामांकित प्रयत्न व्हिक्टर इंगवी यांनी १९६० साली केला. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तात्कालिक स्मृतीची मर्यादा सातच्या आसपास असल्याचे दाखविले होते; तिचा आधार घेऊन इंगवी यांनी वाक्याची 'खोली' मोजण्याची रीत बसविली. वाक्य बोलता-बोलता पुढे पुरी करावयाची किती वचने शिल्लक आहेत, तेवढी त्या जागी खोली. कल्पना चोख होती. परंतु ती इंग्रजीच्या घडणीवर बेतलेली होती, आणि तिच्या हिशेबाने विशेषणात्मक रचना नामाच्या आधी रचीत जाणाऱ्या भाषा फार खोल, म्हणून अवघड ठराव्यात. 'हरवलेले पुस्तक शोधून देणाऱ्या ग्रंथपालाकडे गेलेला विद्यार्थी आज आला' हे वाक्य पाहावे. इंगवींच्या मोजणीत ते खोल आहे, आणि मराठी माणूस मात्र ते एका श्वासात वाचतो. जपानी भाषेच्या आधारे हाच आक्षेप पुढे घेतला गेला. मोजमाप चुकले असे नव्हे. मोजमापाने एका विशिष्ट वाचकाला गृहीत धरले होते आणि ते त्याने सांगितले नव्हते. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ चे सुबोधतेचे सूत्र वाक्याची लांबी व शब्दातील अवयवांची संख्या यांवर उभे आहे. 'घरासमोरच्यांनीसुद्धा' हा नऊ अक्षरांचा एकच शब्द सहज बोलणाऱ्या आम्हांला त्या सूत्राने काय गुण मिळतील याची कल्पनाच केलेली बरी.

आज्ञावल्यांच्या क्षेत्रात पोटातल्या पोटात जाणाऱ्या रचनेची दखल फार उशिरा घेतली गेली. सोनारसोर्स ह्या कंपनीच्या जी. अॅन कॅम्बेल यांनी 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी' म्हणजे आकलनाची जटिलता ह्या नावाने जी मोजणी रूढ केली, तीत प्रत्येक वाटफुटीला १ गुण, आणि ती जितक्या पातळ्या आत असेल तितके गुण वर अधिक. लीप वर्षाच्या पहिल्या रचनेला ह्या रीतीने १, २ व ३ असे सहा आणि तीन 'नाहीतर'चे तीन मिळून ९ गुण पडतात. दुसरीला ३ च. येथे आकडा प्रथमच वाचकाच्या बाजूने बोलतो. तथापि तोच नियम एका ओळीत, 'आणि' व 'किंवा' ह्या चिन्हांनी जोडून लिहिला तर त्याला अवघे २ गुण पडतात, म्हणजे तो सर्वांत सोपा. अनुभवी माणसाला तो तसा वाटेलही; 'आणि' हे 'किंवा'च्या आधी लागते हे ज्याच्या अंगवळणी पडलेले नाही, त्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मात्र तीच ओळ सर्वांत अवघड.

मॉरिस हॉल्स्टेड यांच्या १९७७ च्या ग्रंथातील सूत्रांकडे येथे ओझरते पाहिले तरी पुरे. आज्ञावलीतील क्रियाचिन्हे आणि त्यांची कर्मे मोजून त्यांनी 'घनफळ', 'काठिण्य' आणि 'श्रम' काढले; इतकेच नव्हे, तर श्रमांना १८ ने भागून लिहिण्यास लागणारा वेळ सेकंदांत सांगितला. हा १८ चा अंक मन एका सेकंदात किती प्राथमिक निवाडे करते ह्याविषयीच्या स्ट्राउड यांच्या मतावरून घेतलेला होता. मानसशास्त्रातील एका अंदाजाला व्याकरणातील प्रत्ययासारखे हवे तेथे चिकटवता येत नाही, हे त्या सूत्रांवरील टीकाकारांनी पुढे पुरेसे दाखविले आहे.

आता आमच्या विद्यार्थ्याकडे वळू. त्याने मराठी नामाचे सामान्यरूप सिद्ध करणारे एक फंक्शन लिहिले होते. त्यात एकामागून एक वीस अटी होत्या, आणि प्रत्येक अट म्हणजे व्याकरणातील एक नियम होता. आकारान्त पुल्लिंगी नामाच्या 'आ'चा 'या' होतो, जसे घोडा–घोड्याला. पण काका, मामा, दादा अशी नात्यांची नामे तशीच राहतात, म्हणून त्यांची अट आधी. ईकारान्त पुल्लिंगी माळी–माळ्याला. विंचू–विंचवाला. अकारान्त स्त्रीलिंगी नामांत वीट–विटेला हा सामान्य मार्ग, आणि भिंत–भिंतीला, रात्र–रात्रीला, म्हैस–म्हशीला ही यादी त्याच्याही आधी. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ज्याने चाळले आहे त्याला हे फंक्शन कोणी न शिकवता वाचता आले असते, कारण त्याची मांडणी व्याकरणाच्या पुस्तकातीलच होती. माथ्यावर एक टीप होती : ह्या अटींचा क्रम बदलू नये, आधी अपवाद, मग उत्सर्ग.

सायक्लोमॅटिक संख्या २१. नियमाप्रमाणे प्रबंध परत गेला. ज्या पत्राने तो परत गेला त्यावर सही माझी होती.

तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला तेव्हा फंक्शने चार झाली होती. वीस अटी सात, सात व सहा अशा तोडल्या होत्या. तोडताना व्याकरण पाहिलेले नव्हते, आकडा पाहिला होता. चौथे फंक्शन ह्या तिघांना क्रमाने बोलावून, पहिल्याने किंवा दुसऱ्याने काम केले की नाही हे दोनदा विचारीत होते. संख्या आल्या ८, ८, ७ आणि ३. एकही १० च्या वर नाही. त्यांची बेरीज मात्र २६, म्हणजे मूळ २१ हून पाच अधिक. पण बेरीज करावी असे नियमात नव्हते. माथ्यावरची टीप गेली होती, कारण ती आता कोणत्याच एका तुकड्याची राहिली नव्हती. प्रबंध स्वीकारला गेला. एवढे होऊनही मांडणीच्या स्पष्टतेसाठीचे त्याचे गुण मी थोडे कमीच ठेवले, कारण तुकड्यांना त्याने दिलेली 'भाग एक', 'भाग दोन', 'भाग तीन' ही नावे मला निरर्थक वाटली. ती निरर्थक होतीच. पण ज्या तुकड्यांना भाषेत अर्थ नाही त्यांना अर्थपूर्ण नावे त्याने कोठून आणावयाची होती?

पुढल्या वर्षी दुसऱ्या एका विद्यार्थिनीने तेच काम पुढे चालविले. तिला 'ई' घेणाऱ्या स्त्रीलिंगी नामांची यादी वाढवावयाची होती. स्त्रीलिंगाचा सामान्य नियम तिला 'भाग दोन'च्या शेवटी दिसला, 'भाग तीन' हा पुढे होता, म्हणून नवे अपवाद तिने तेथे घातले. सामान्य नियम आधीच लागून मोकळा होत असल्याने तिच्या अटींपर्यंत आज्ञावली कधी पोहोचलीच नाही. नव्या नामांचे 'ए'कारी, अशुद्ध रूप येत राहिले, आणि तिच्या सत्राचा बराच भाग ह्या शोधात गेला. चूक तिची नव्हती. मूळ फंक्शनमध्ये हा अपघात घडणे जवळजवळ अशक्य होते, कारण अपवाद आणि उत्सर्ग एका नजरेच्या टप्प्यात होते, आणि टीपही.

व्याकरणशास्त्राच्या अभ्यासकाला हे सर्व नवे वाटू नये ह्यातच आमची नामुष्की आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील सुमारे ४,००० सूत्रे ही लाघवाची पराकाष्ठा समजली जाते. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माइतका आनंद होतो, ह्या अर्थाची परिभाषा नागेशभट्टांच्या 'परिभाषेन्दुशेखरा'त आहे, आणि कीलहॉर्न यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्या ग्रंथाचे संपादन व भाषांतर केले हेही आपणांस माहीत आहे. मात्रा हे लाघवाचे माप होय, सुबोधतेचे नव्हे, ही गोष्ट परंपरेने कधी दडविली नाही. मागच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रात अनुवृत्तीने येते म्हणून सूत्र लहान होते. पण त्यामुळे ते एकटे वाचता येत नाही. लीप वर्षाच्या दुसऱ्या रचनेतील '१०० ने भाग जात असल्यास नाही' ही ओळसुद्धा एकटी घेतल्यास खोटीच आहे. २००० ला १०० ने भाग जातो. ४०० ने भाग जाणारी वर्षे आधीच्या ओळीने बाहेर काढली म्हणून ती खरी ठरते. ही एक प्रकारची अनुवृत्तीच होय, आणि कोणतीही मोजणी तिला गुण देत नाही. पुढे सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी 'सिद्धान्तकौमुदी'त सूत्रे विषयवार लावली. विद्यार्थ्याची मोठी सोय झाली, पण मूळ क्रम मोडल्यामुळे अनुवृत्ती तुटली आणि कोणते पद कोठून आले हे वृत्तीत सांगत बसावे लागले. अवघडपणा गेला नाही, त्याने जागा बदलली. मात्र दीक्षितांनी तुकडे विषय पाहून पाडले होते; आम्ही विद्यार्थ्याला आकडा पाहून पाडावयास लावले.

मोजमापे निरुपयोगी आहेत असा ह्याचा अर्थ कोणी घेऊ नये. सहा-सात पातळ्या आत गेलेली रचना पाहून मोजणी इशारा देते तेव्हा ती बहुधा बरोबर असते. मुन्योझ बारोन, वीरिख आणि वाग्नर यांनी २०२० मध्ये दहा पूर्वीच्या अभ्यासांतील ४२७ उताऱ्यांवरील सुमारे २४,००० नोंदी एकत्र करून तपासले, तेव्हा आकलनाच्या जटिलतेचा आकडा समजून घेण्यास लागणाऱ्या वेळेशी आणि वाचकांच्या मताशी जुळतो असे दिसले. वाचकाला बरोबर कळले की नाही, ह्याच्याशी मात्र त्याचा मेळ निश्चित लागला नाही. त्याआधी २०१७ मध्ये स्कालाब्रिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२१ निरनिराळी मापे घेऊन पाहिली होती. त्यांतील एकही एकटे आकलन टिपू शकले नाही. सायक्लोमॅटिक संख्येविषयी तर मार्टिन शेपर्ड यांनी १९८८ मध्येच दाखविले होते की, ती पुष्कळदा ओळींच्या संख्येचीच बदली असते, आणि नुसत्या ओळी मोजल्याने अनेकदा अधिक काम भागते. ब्यूझ व वायमर यांनी १२० वाचकांना १०० उतारे देऊन त्यांची मते गोळा केली, हा प्रयत्न मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात निदान वाचकाला विचारले गेले. तरी 'सोपे वाटले' आणि 'समजले' ह्यांतील अंतर तेथेही उरतेच.

येथे आमच्या शास्त्राच्या उत्साहालाही थोडा आवर घालणे बरे. आज्ञावली ही भाषाच, म्हणून तिच्या वाचनाविषयी भाषावैज्ञानिकाचा शब्द अखेरचा, असे वर्गात मी स्वतः सांगत असे. २०१४ मध्ये यानेट सीगमुंट यांच्या गटाने मेंदूच्या प्रतिमांवरून आज्ञावली वाचताना भाषेशी संबंधित भागही जागे होतात असे दाखविले, तेव्हा आनंद वाटला होता. २०२० मध्ये अॅना इवानोवा आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत मात्र हे काम मुख्यत्वे तर्क व नियोजन करणाऱ्या सर्वसाधारण यंत्रणेचे असून भाषेच्या यंत्रणेचा प्रतिसाद त्या मानाने क्षीण असल्याचे आढळले. तेव्हा वर दिलेली मराठी वाक्यांची तुलना ही तुलनाच समजावी. पुरावा म्हणून ती मी पुढे करीत नाही. स्मृतीवरील भाराच्या बाबतीत ती टिकेल, त्यापलीकडे किती टिकेल हे प्रयोगानेच ठरावयाचे आहे.

विभागाच्या पुढील बैठकीसाठी मी जो प्रस्ताव ठेवला आहे तो ह्या अनुभवातून आलेला आहे. १० ची मर्यादा काढून टाकावी असे त्यात नाही. ती ओलांडली गेल्यास प्रबंध परत न करता विद्यार्थ्याने आपल्या मांडणीचे कारण एका परिच्छेदात लिहून द्यावे, आणि ओळीने येणाऱ्या स्वतंत्र पर्यायांसाठी मॅकेब यांचा अपवाद नियमातच छापावा. दुसरे असे की, परीक्षकाने आज्ञावली नुसती वाचून मत देऊ नये; ती लिहिणाराखेरीज दुसऱ्या एका विद्यार्थ्याला देऊन तीत एक नवा नियम घालावयास सांगावे, आणि तो कोठे घातला, किती वेळ लागला, रूप शुद्ध आले की नाही, एवढे नोंदवावे. ह्याला अर्धा दिवस जातो आणि परीक्षकांची संख्या अपुरी आहे, असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला आहे. तो खरा आहे. म्हणून पहिल्या वर्षी हा क्रम फक्त परत पाठविण्याजोग्या ठरलेल्या आज्ञावल्यांपुरताच ठेवावा. त्या विद्यार्थ्याचे मूळ एकवीसचे फंक्शन मी त्याच्याकडून मागवून घेतले आहे. पहिली चाचणी त्यावरच घेण्याचे योजिले आहे.